सोंग कुणी घ्यायचं?

रवी जाधव या दिग्दर्शकाच्या तीन कलाकृती एका ओळीत ठेवून बघा. ‘नटरंग’ (२०१०), ‘बालगंधर्व’ (२०११) आणि ‘ताली’ (२०२३). पहिल्यात अतुल कुलकर्णी गुणा झाले. हा पहिलवानी अंगाचा शेतमजूर तमाशाच्या वेडापायी फडात नाच्या होतो. दुसऱ्यात सुबोध भावे नारायण श्रीपाद राजहंस झाले आणि नारायणराव रंगमंचावर भामिनी, सिंधू, रुक्मिणी झाले. तिसरी वेबमालिका. तीत सुष्मिता सेन यांनी श्रीगौरी सावंत यांची भूमिका केली. गौरीताई पारलिंगी स्त्री आहेत, तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी मुंबईत वर्षानुवर्षं काम करतायत. जन्मल्या तेव्हा घरच्यांनी त्यांना मुलगा मानलं होतं. मालिकेतल्या लहानपणीच्या गणेशची भूमिका कृतिका देव या अभिनेत्रीने केली.

पहिल्या दोन वेळी भूमिका कुणी करावी यावर कुणी भांडलं नाही. ‘ताली’चं पहिलं पोस्टर आलं तेव्हा मात्र प्रश्न विचारला गेला : पारलिंगी स्त्रीची भूमिका पारलिंगी अभिनेत्रीला का नाही दिली? त्यावर ठरलेलं उत्तरही आलं : मग खुन्याची भूमिका खुन्याने करायची का? हे उत्तर मी ऑफिसच्या कॅन्टीनपासून पाथरीच्या बसस्टँडवरच्या हॉटेलापर्यंत ऐकलंय. उत्तर चटपटीत आहे. पण खुन्यांना नटाची नोकरी मिळत नाही म्हणून कुणी रडत नाही, आणि खुनी ही कुणाची जन्मभराची ओळख नसते. त्यामुळे हे उत्तर प्रश्नाला लागत नाही, शेजारून निघून जातं.

तरी प्रश्न सोपा आहे असंही मला वाटत नाही. दोन्ही बाजूंचं काहीतरी खरं आहे. ते वेगवेगळं काढून बघण्याचा हा प्रयत्न.

जी उदाहरणं प्रश्नात बसतच नाहीत

मराठीत हा विषय निघाला की ‘नटरंग’ आणि ‘जोगवा’ ही नावं येतात. ‘आमच्याकडे किती ताकदीने केलंय बघा’ हे सांगायला. ताकदीबद्दल वाद नाही. ‘जोगवा’तल्या तायप्पासाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अतुल कुलकर्णींनी गुणासाठी आधी शरीर कमावलं, मग उतरवलं.

पण तायप्पा कोण आहे? देवीला सोडलेला, जबरदस्तीने लुगडं नेसवलेला पुरुष. त्याचं दुःख हेच की तो पुरुष आहे आणि त्याला ते असू दिलं जात नाही. सुलीवरचं प्रेम त्याला त्यातून बाहेर काढतं. गुणा कोण आहे? बायको-पोर असलेला पुरुष. कलेसाठी तो बायकी हावभाव उचलतो आणि लोक ते हावभाव म्हणजेच तो, असं धरून त्याला उद्ध्वस्त करतात. दोघांचीही लिंगओळख आणि त्यांच्या नटांची लिंगओळख एकच आहे. पुरुषाने पुरुषाचीच भूमिका केली, फक्त त्या पुरुषाच्या अंगावर लुगडं होतं. ‘बालगंधर्व’चंही तेच.

म्हणजे ज्यांची नावं आपण अभिमानाने घेतो त्या भूमिका मुळात या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. त्यातली एक गोष्ट मला अस्वस्थ करते. तायप्पासाठी आणि गुणासाठी प्रेक्षक रडतो, कारण कथा त्याला सतत धीर देत असते की हा ‘खरा’ पुरुष आहे, याच्यावर अन्याय झालाय. हे दोन्ही सिनेमे मला आवडतात, आणि अन्यायही खराच आहे. पण ज्या जोगत्याला लुगडं जबरदस्तीचं वाटत नाही, उलट तेच आपलं वाटतं, त्याच्यासाठी ही सहानुभूती उरते का? त्याच्या गोष्टीत शेवटी पदर फेकून द्यायचा नसतो. ती गोष्ट सांगायची वेळ येते तेव्हा कुठे ‘भूमिका कुणी करायची’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो.

सोंग घेण्याचा हक्क

आता दुसरी बाजू, आणि ती मला मनापासून पटते. अभिनय म्हणजे आपण जे नाही ते होणं. आमच्या गोदाकाठच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सप्ताहात रात्री भारूड असलं की मिशा असलेला गडी डोक्यावर पदर घेतो आणि सासुरवाशीण होतो. नाथांनी भारुडं लिहिताना जोगतीण, वेडी, महारीण, नवऱ्याला कंटाळलेली बाई अशी किती सोंगं घेतली! पैठणच्या ब्राह्मणाने जोगतिणीच्या तोंडून बोलायचं, हा अधिकार कुणी दिला, असं विचारलं असतं तर मराठी साहित्याचा एक मोठा तुकडा लिहिलाच गेला नसता. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघणं ही कलेची सुरुवात आहे आणि नीतीचीही.

आमच्या कामात एखादा नियम लिहिला की तो टोकाच्या इनपुटवर चालवून बघतात. नेहमीच्या इनपुटवर कुठलाही नियम बरोबरच दिसतो. ‘भूमिकेची आणि नटाची लिंगओळख एकच हवी’ हा नियम तसा चालवून बघू.

पहिला अडथळा : तपासणार कोण? सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नालसा’ खटल्याच्या निकालात सांगितलं की आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. २०१९च्या कायद्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र घेण्याची तरतूद आली आणि अनेक पारलिंगी कार्यकर्त्यांनी तिच्यावर टीका केली, कारण स्वतः सांगितलेली ओळख पुन्हा साहेबाच्या सहीवर आली. आपला नियम पाळायचा तर कास्टिंग डिरेक्टरच्या टेबलावरही तो कागद मागावा लागेल. ज्या तपासणीविरुद्ध हा समाज लढला तीच ऑडिशनच्या दारात उभी राहील.

दुसरा अडथळा : ज्याने अजून कुणाला सांगितलेलं नाही त्याचं काय? ‘हार्टस्टॉपर’ या ब्रिटिश मालिकेत किट कॉनर या तरुण नटाने उभयलिंगी आकर्षण असलेल्या मुलाची भूमिका केली. ‘तू स्वतः तसा नाहीस, मग ही भूमिका कशी करतोस’ म्हणून लोक त्याच्या इतके मागे लागले की ऑक्टोबर २०२२मध्ये, अठराव्या वर्षी, त्याला आपणही तसेच आहोत हे जगाला सांगावं लागलं. तिथे प्रश्न लैंगिक कलाचा होता, लिंगओळखीचा नव्हता. पण यंत्रणा तीच. हक्काच्या नावाने सुरू झालेली मागणी एका पोराचं खाजगीपण ओरबाडून थांबली.

माणसाला स्वीकारण्याआधी त्याचं मूळ माहीत हवं, ही भूक केवढी असते हे पाथरीकरांना वेगळं सांगायला नको. जानेवारी २०२०मध्ये पाथरी हे साईबाबांचं जन्मस्थान म्हणून इथल्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा झाली आणि १९ तारखेपासून शिर्डी बंद ठेवली गेली. दोन गावं भांडली, पुरावे मागितले गेले. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते साईबाबा मात्र आपलं नाव-गाव, जात-धर्म यांतलं काहीच कधी धड सांगत नसत. काही माणसांना आपलं मूळ सांगायचं नसतं. तो त्यांचा अधिकार आहे आणि नट त्याला अपवाद नाहीत.

तिसरा अडथळा सगळ्यात मोठा. हा नियम दोन्हीकडून लावला तर पारलिंगी अभिनेत्रीला फक्त पारलिंगी भूमिकाच मिळतील. म्हणजे वर्षाकाठी दोन-तीन. त्यातली एक लग्नात टाळ्या वाजवत येणारी आणि एक मरणारी. जो नियम तिला काम मिळावं म्हणून करायचा, तोच तिला कोंडून ठेवेल.

तेव्हा सरसकट बंदी मला अमान्य आहे. पण इथे थांबलं तर अर्धंच बोलल्यासारखं होईल.

बालगंधर्वांच्या मोठेपणाने कशाचं उत्तर मिळतं

‘नटाने काहीही व्हावं’ हे तत्त्व खरं आहे की नाही यापेक्षा ते कुणाकुणाला लागू होतं, हे विचारायला हवं. यासाठी मराठी रंगभूमीइतकं चांगलं उदाहरण जगात थोडंच सापडेल.

१८८०मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात झालं. त्यानंतर भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा आली, मग बालगंधर्व. १९०५च्या सुमाराला शकुंतला म्हणून उभे राहिलेले नारायणराव पुढची पंचवीस-तीस वर्षं मराठी मध्यमवर्गाच्या स्त्रीसौंदर्याच्या कल्पनेवर राज्य करत होते. घरंदाज बायका त्यांच्यासारखी साडी नेसत, त्यांच्यासारखा गजरा माळत. पुरुष बाई झाला आणि बायकांनी बाई कसं असावं ते त्याच्याकडून उचललं. सिनेमातही तेच. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामती अण्णा साळुंके यांनी केली, कारण सिनेमात काम करायला बाई मिळेना. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच.

त्या काळात कुणी विचारलं असतं की स्त्रीची भूमिका स्त्रीला का देत नाही, तर उत्तर काय आलं असतं? बायकांना असं काम जमणार नाही. कुलीन बाई येणार नाही आणि येईल ती कुलीन नसेल. प्रेक्षक तिकीट काढणार नाहीत. आणि मुख्य म्हणजे, नारायणराव इतकं अप्रतिम करतायत, मग गरजच काय?

हे शेवटचं वाक्य नीट बघा. त्याचा पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. बालगंधर्व अप्रतिमच करत होते. पण त्यातून ‘गरजच काय’ हे निघत नाही. त्यांच्या कलेचं मोल वेगळं आणि बायकांना बंद असलेल्या दाराचं कारण वेगळं. एकाची थोरवी दुसऱ्याचं समर्थन होऊ शकत नाही. आणि ‘बायकांना जमणार नाही’ हे तर तेव्हाही खोटं पडत होतं. फाळक्यांच्या लगेच पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. सगळी पात्रं बायकांनीच करायची अशा स्त्री-नाटकमंडळ्याही होत्या. तिथे राजा आणि सेनापतीही बायकाच होत.

१ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणलं. त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक होत्या. आभाळ कोसळलं नाही. पुढच्या काही दशकांत स्त्री-भूमिका करणारे पुरुष मुख्य धारेतून जवळजवळ गेले. पण बंदी मात्र कुणावर आली नाही. अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’त विजय चव्हाणांनी केलेली मावशी बघायला घराघरातल्या बायका गेल्या आणि पोट धरून हसल्या. कुणाला ती आपली हकालपट्टी वाटली नाही. कारण तोवर बायकांना रंगमंचावर जागा होती. जो खेळ १९१० साली दार अडवून उभा होता, तोच १९८५ साली निव्वळ खेळ होता. खेळ तोच, नियम तोच, बदललं होतं ते दार.

माझ्या मते या सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. दुसऱ्याचं सोंग घेणं चूक नाही. दुसऱ्याला स्वतःच्या किंवा कुणाच्याच सोंगात उभं राहू न देता त्याचं सोंग घेत राहणं, हे चूक आहे.

‘ज्याच्यात गुणवत्ता त्याला काम’

यावर म्हणतील की बंदी कुठे आहे? पारलिंगी कलाकारांनी यावं, ऑडिशन द्यावी, गुणवत्तेवर काम घ्यावं.

आडगावच्या इंजिनियरिंग कॉलेजातून निघालेल्या कुणालाही हे वाक्य ओळखीचं वाटेल. कॅम्पसवर कंपन्या येत नाहीत. बाहेर अर्ज करावा तर दोन वर्षांचा अनुभव मागतात. अनुभव नोकरीशिवाय मिळत नाही आणि नोकरी अनुभवाशिवाय. कागदावर कुठेही लिहिलेलं नसतं की परभणी जिल्ह्यातल्या पोरांना घेऊ नये. चाळणी सगळ्यांना सारखीच असते, फक्त ती जिथे लावलेली असते तिथपर्यंत जाण्याचं भाडं सगळ्यांकडे नसतं.

पारलिंगी मुलीच्या बाबतीत ही चाळणी कितीतरी आधीपासून सुरू होते. घर सुटतं, मग शाळा. नाटकाची शिबिरं, एकांकिका स्पर्धा, ओळखीपाळखी, ज्यातून नट घडतो ते सगळं सुटतं. सेलू ते परभणी देवगिरी एक्सप्रेसच्या डब्यात टाळी वाजवत पैसे मागणाऱ्यांपैकी कुणाच्या अंगात नट असेल तर तो कळणार कसा? खरं तर रोज वीस डब्यांत अनोळखी माणसांपुढे आवाज लावून उभं राहणं हाही एक प्रयोगच आहे. त्यानंतर तिला सांगायचं की बाई, स्पर्धा खुली आहे, सुष्मिता सेनपेक्षा चांगलं करून दाखव.

पैशाचा मुद्दा यापेक्षा वजनदार आहे. नाव असलेली अभिनेत्री नसती तर ‘ताली’ बनली असती का? कदाचित नसती. अमेरिकेत २०१८च्या जुलैमध्ये टीका झाल्यावर स्कार्लेट जोहान्सन यांनी ‘रब अँड टग’मधल्या पारलिंगी पुरुषाच्या भूमिकेतून माघार घेतली आणि तो चित्रपटच रखडला. कुणालाच काम मिळालं नाही. उलट चिलीच्या ‘अ फँटास्टिक वुमन’मध्ये डॅनिएला वेगा या पारलिंगी अभिनेत्रीने मुख्य भूमिका केली आणि त्याला परभाषेतल्या सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. दोन्ही खरं आहे. पैसा घालणाऱ्याची भीती खरी आहे, पण तो नैसर्गिक नियम नाही.

‘ताली’ आमच्या आत्यांनी माझ्या मोबाइलवर पाहिली. नाव मोठं नसतं तर त्यांनी पाहिली नसती, हे मान्य. दोन भाग झाल्यावर त्या म्हणाल्या, “ही तर बाईच हाय की रे. मंग ह्याच्यात सोंग कशाचं?”

मी म्हटलं, “आत्या, ज्यांची गोष्ट आहे त्याही स्वतःला बाईच मानतात.”

“असं व्हय,” म्हणाल्या, “मंग बराबर हाय.”

घरी जाताना प्रेक्षक काय घेऊन जातो

आत्यांच्या या बोलण्यामुळे एक फरक माझ्या लक्षात आला. लिंगओळख वेगळी असलेल्या नटाने भूमिका केली, एवढं म्हणून सगळे प्रसंग एकाच मापाने मोजता येत नाहीत. पारलिंगी स्त्रीची भूमिका स्त्रीने केली तर प्रेक्षकाच्या मनात काय उरतं? ही बाई आहे. तीच भूमिका पुरुष नटाने केली आणि महिनाभराने तो दाढी ठेवून, सूट घालून पुरस्कार घ्यायला आला, तर काय उरतं? आत पुरुषच होता. ज्या समजुतीमुळे रस्त्यावर, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात पारलिंगी स्त्रियांचे हाल होतात ती नेमकी हीच, की लुगड्याच्या आत पुरुष आहे. नटाचा हेतू कितीही चांगला असो, त्याचं शरीर ते बोलून जातं. ‘द डॅनिश गर्ल’साठी वाखाणले गेलेले एडी रेडमेन यांनी २०२१मध्ये सांगितलं की आज ती भूमिका आपण घेतली नसती.

आणि वाईट हेतूचीही उदाहरणं आहेत. ‘सडक’मधल्या (१९९१) महाराणीसाठी सदाशिव अमरापूरकरांना खलनायकाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. काम जबरदस्तच होतं. पण आमच्या शाळेत जरा लचकत चालणाऱ्या मुलाला ‘महाराणी’ म्हणायचे आणि त्या मुलाने दहावीनंतर गाव सोडलं. भूमिका पडद्यावर राहत नाहीत. खुद्द नटालाही त्या चिकटतात. गणपत पाटील यांनी मराठी सिनेमात नाच्या इतक्यांदा केला की लोक त्यांनाच तसं समजू लागले आणि संसारी माणसाला, त्याच्या घरच्यांना त्याचा त्रास भोगावा लागला. सोंग आणि माणूस यांतला फरक आपल्या प्रेक्षकाला कळतो, हे आपण फार सहज गृहीत धरतो.

म्हणून मी नियमाऐवजी तीन प्रश्न विचारेन. ही भूमिका ठरवताना पारलिंगी कलाकारांना वाचनाला तरी बोलावलं होतं का? लिहिताना त्यांच्यापैकी कुणी खोलीत होतं का? आणि तिसरा, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा : पारलिंगी अभिनेत्रीला बँकेतली कॅशियर, नायकाची बहीण, मामलेदार अशी, जिच्या लिंगओळखीवर कथेत एक शब्दही नाही अशी भूमिका कधी मिळणार? झी मराठीवरच्या ‘कारभारी लयभारी’ मालिकेत गंगा या पारलिंगी अभिनेत्रीला काम मिळालं, ती सुरुवात आहे. ज्या दिवशी सोंग घेण्याचा हक्क दोन्ही बाजूंना सारखा असेल, त्या दिवशी सुष्मिता सेन यांनी गौरीताई व्हायला माझी काहीच हरकत नसेल. आज ती हरकत पूर्ण मिटत नाही आणि मालिका बनली याचा आनंदही खोटा नाही. दोन्ही बरोबर घेऊनच मी ती बघतो.

हे सगळं मुंबईच्या निर्मात्यांवर ढकलून मोकळं होणं सोपं आहे. राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र परभणीतही असतं. परभणी, सेलू, मानवतची हौशी मंडळी दिवसा नोकरी-धंदा करून रात्री तालमी करतात. तिथे ना नफ्याचा प्रश्न असतो, ना मोठ्या नावाचा. संहितेत तृतीयपंथी पात्र असलं की अजूनही कंपूतल्या एखाद्या उंच मुलाला साडी नेसवतात आणि हशा वसूल करतात. त्याऐवजी यंदा गावातल्याच कुणाला तालमीला बोलावून बघावं. त्या पात्रासाठीच असंही नाही. आईच्या भूमिकेसाठीही चालेल, आणि आईची भूमिका करायला आपल्याकडे दरवर्षी कुणी मिळतच नाही.